आईचा नवस आणि लेकीचे पाय

आई अनवाणी का फिरते असं कुणी विचारलं की मी "नवस आहे" एवढंच सांगायचो आणि विषय बदलायचो, कारण पूर्ण सांगायला गेलं की त्यात माझ्या लेकीचं दुखणं येतं, तिचा एमआरआय येतो, तुळजापूर येतं, त्र्यंबक येतं आणि शेवटी माझा स्वतःचा देवावर विश्वास आहे की नाही हे येतं, ज्याचं उत्तर माझ्याकडे दर आठवड्याला वेगळं असतं. पण मागच्या वर्षी हा नवस सोडवायची वेळ आली. बोलायला एक मिनिट लागलं होतं, सोडवायला काय काय लागलं ते लिहून ठेवतोय. घरात असं लेकरू असलेल्यांना निम्मं तरी ओळखीचं वाटेल.

थोडं मागचं सांगतो. लेक तिसाव्या आठवड्यात झाली, वजन बाराशे ग्रॅम. एनआयसीयूमधून घरी आणल्यावर सगळे म्हणायचे कमी दिवसांचं लेकरू आहे, सगळं जरा उशिरा करेल. मान उशिरा धरली, मुठी उघडायची नाही, लंगोट बदलताना दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे आणि ताठ व्हायचे. दीड वर्षाची झाली तरी बसेना तेव्हा एमआरआय झाला. रिपोर्टवर पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया असं लांबलचक काहीतरी. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला, आतल्या पोकळ्यांच्या कडेला जो पांढरा भाग असतो तिथून पायांकडे जाणाऱ्या वायरी जातात, आणि कमी दिवसांच्या बाळांमध्ये नेमका तोच भाग आधी दुखावतो. सेरेब्रल पाल्सी. मेंदूला झालेली इजा आता वाढणार नाही, पण भरूनही येणार नाही, असं ते म्हणाले. आई सोबत होती, तिनं त्यातलं "वाढणार नाही" एवढंच उचललं आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, देवीला जाऊन येऊ.

आम्ही मूळचे बार्शी तालुक्यातले, कुलदैवत तुळजाभवानी. त्यात आई माळकरी, म्हणजे एकादशी, हरिपाठ, दारात वारकरी आला की चहा, सगळं. तुकोबांनी नवसाबद्दल काय म्हटलंय ते माळ घातलेल्या कुणालाही तोंडपाठ असतं, पण आमच्याकडे विठोबाकडं काही मागायचं नाही आणि मागायचं झालं की तुळजापूरला जायचं अशी वाटणीच झालेली आहे, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

तुळजापूरला देऊळ खाली आहे, पायऱ्या उतरत जायचं. कल्लोळ तीर्थ, गोमुख, मग देवीची ओटी. लेक माझ्या खांद्यावर झोपलेली. दर्शन झाल्यावर आई चिंतामणीपाशी गेली. माहीत नसेल त्यांच्यासाठी, तिथं आवारात एक गोल दगड आहे, त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, दगड उजवीकडे वळला तर हो, डावीकडे वळला तर नाही. शिवाजी महाराजही लढाईआधी त्याला कौल लावायचे असं तिथं सांगतात. आईनं डोळे मिटले. दगड उजवीकडे फिरला. मी समोरच उभा होतो, मी बघितलं. आता हात आईचे, जोर आईचा, इच्छा आईची, दगड कुणीकडे फिरणार हे सांगायला मेकॅनिकलची डिग्री लागत नाही (ती माझ्याकडे आहे तरी), पण त्या वेळेला माझ्याही पोटात गलबललं हे खरंय.

वर आलो, चप्पल स्टँडवर टोकन दिलं. माझ्या आल्या, बायकोच्या आल्या, आई म्हणाली माझ्या राहू दे. म्हटलं म्हणजे? तर म्हणे, नात ह्या पायऱ्या आपल्या पायानं उतरंल त्या दिवशी घालीन. आणि भर उन्हात एसटी स्टँडकडे चालायला लागली.

तेव्हा मला ते भारी वाटलं होतं. आपल्या बाजूनं कुणीतरी एवढं लावून धरलंय असं वाटलं.

त्यानंतर त्र्यंबक झालं. सासरेबुवांच्या ओळखीतल्या एका ज्योतिषानं पत्रिका बघून पितृदोष काढला आणि नारायण नागबळी सांगितला. बायकोला जायचं नव्हतं पण विधी जोडप्यानं करायचा असतो. तीन दिवस, नवीन पांढरं धोतर, नवीन पांढरं लुगडं, कुशावर्तात अंघोळ. आपल्या घराण्यात ज्याला गती मिळाली नाही अशा कुणाच्या तरी नावानं कणकेचा पुतळा करतात आणि त्याचे अंत्यविधी करतात, त्यामुळे त्या दिवशी तुम्हाला चक्क सुतक असतं, गाव सोडायचं नसतं. लेक मेव्हणीकडे होती. रात्री खोलीत बायको त्या पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून बसली होती आणि म्हणाली, "आपली पोरगी जिवंत आहे आणि आपण सुतकात बसलोय." बस एवढंच. भांडली नाही काही नाही. पण तिथून परत आल्यावर तिनं देवाला हात जोडलेले मी बघितले नाहीत. मी एकदा विचारलं पण, की तू नास्तिक झालीस का, तर म्हणाली मला तेवढा वेळ नाहीये, साडेसातला स्कूल व्हॅन येते आणि त्याआधी दोन्ही एएफओ, म्हणजे पायांचे स्प्लिंट, चढवायचे असतात.

मला त्या ज्योतिषापेक्षा जास्त राग "मागच्या जन्मीचं असतं हो" म्हणणाऱ्यांचा येतो. कुणाचा मागचा जन्म? बाराशे ग्रॅमच्या जिवाचा? आणि त्याच्या उलट ती दुसरी जात, "देव खास मुलं खास आईबापांनाच देतो". ही मंडळी तेवढं बोलून पेढा खाऊन निघून जातात, पोरीला अर्धा तास बघतो तुम्ही जरा बाहेर जाऊन या असं म्हणणारं त्यातलं एकही भेटलेलं नाही. खरं तर देवाधर्माच्या सगळ्यात मोकळ्या गप्पा मी फिजिओच्या बाहेरच्या बाकावर ऐकल्या. तिथं बोटॉक्सला (ताठ स्नायू सैल करायचं इंजेक्शन) किती खर्च आला आणि कुठल्या दर्ग्यातून ताईत आणला हे एकाच वाक्यात चालतं. एकीनं वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे पाय वाहिले होते, तिथं ज्या अवयवाचं दुखणं असेल तो मेणाचा मिळतो म्हणे. दुसरी म्हणाली आमच्याकडे चांदीचे वाहतात. मग दोघी त्यावर बराच वेळ हसत बसल्या, की ताई तुमचा देव स्वस्तात करतो.

आणि सर्टिफिकेटचं तर विचारूच नका. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात आपलं बसतं, ऑनलाइन अर्ज करायचा, मग सिव्हिलला बोर्डाच्या वारी जायचं, तिथं टक्के ठरतात. ४० च्या खाली गेलं की बऱ्याचशा सवलतींच्या बाहेर. म्हणजे घरी देवापुढं बसून म्हणायचं हिला नीट कर आणि तिथं डॉक्टरपुढं बसून म्हणायचं साहेब टक्के कमी लिहू नका. मी हे दोन्ही एकाच दिवशी केलंय. पहिल्या वेळेला लहान म्हणून टेंपररी सर्टिफिकेट मिळालं, काही वर्षांनी परत तपासायचं. आईला एवढा आनंद झाला की तिनं गल्लीत सांगितलं, सरकारनं पण टेंपररी लिहून दिलंय. काय बोलणार.

लेक पाच वर्षांची झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून नीट सांगितलं. हालचालींच्या पाच लेव्हल असतात, पहिलीतलं मूल चालतं पळतं, पाचवीतल्याला मान सांभाळायलाही आधार लागतो, आमची चौथी. बसेल, पकडून उभी राहील, घरात वॉकरला धरून चार पावलं टाकेल कदाचित, पण बाहेर व्हीलचेअर. आणि हालचालींचं जे काही यायचं असतं त्यातलं बहुतेक पाचेक वर्षांपर्यंत आलेलं असतं, म्हणून आता चालण्याच्या मागे न लागता हात, बोलणं, शाळा आणि खुबे याकडे बघा. खुबा सरकायची भीती असते म्हणून ठरावीक काळानं एक्स-रे. ऐकताना वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, थोडं हलकंही वाटलं. बायको पार्किंगमध्ये म्हणाली, चला एक परीक्षा संपली.

आईला सांगितलं नाही. म्हणजे ठरवून नाही असं नाही, जिभेवर आलं नाही. तिला दगडानं हो म्हटलं होतं.

मग मागचा उन्हाळा. आईला बारा-पंधरा वर्षांची शुगर. चैत्रात गावच्या देवळाच्या फरशीवर चटके बसले असणार, तिला कळलंच नाही. बायकोला चादरीवर पिवळट डाग दिसला तेव्हा बघितलं तर अंगठ्याच्या खाली हा एवढा फोड फुटलेला. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि पेनासारख्या काडीला लावलेला नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवत गेले, टोकाला, टाचेला, करंगळीखाली, म्हणाले टोचलं की हो म्हणा. आई शांत. सगळा तळवा फिरून झाला आणि आई म्हणाली, "लावा की आता." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी आईला समजेल असं सांगितलं, की तुमच्या पायाला आता काही कळत नाही, ही जखम भरायला महिने लागतील आणि परत झाली तर बोट काढावं लागू शकतं, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. आई म्हणाली बरं. आणि बाहेर येऊन बँडेज बांधलेल्या पायानंच लिफ्टकडे चालायला लागली.

मी ओरडलो, बायकोनं समजावलं, काही नाही. "देवीला शब्द दिलाय." पण खरा धक्का त्याच रात्री बसला. लेकीचं बोलणं हळू आहे, एकेक शब्द ओढत येतो, पण डोकं तल्लख. झोपवताना ती मला म्हणाली, "आजीचा... पाय... माझ्यामुळे फुटला ना?"

मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवस सोडवायचा कसा याच्या मागे लागलो. गावच्या गुरुजींना फोन केला, ते म्हणाले अशक्य असेल तर नवस दुसऱ्या रूपात फेडता येतो, अन्नदान करा, देवीला साडीचोळी करा, क्षमा मागा. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अशक्य हाय असं कुणी ठरवलं?" तिथं मग मला सांगावंच लागलं. डॉक्टरांनी पाचव्या वर्षीच सांगितलंय, ती स्वतःच्या पायानं चालणार नाही. आई कितीतरी वेळ गव्हातले खडे काढत राहिली. मग म्हणाली मला माहीत होतं, तू एक्स-रेची पिशवी कपाटावर टाकायला लागलास तेव्हाच. पण नवस तसाच. "तुला ठाऊक होतं मला ठाऊक होतं, देवीला कुठं ठाऊक हाय." आता ह्याला काय म्हणायचं, श्रद्धा म्हणायची का हट्ट?

शेवटी मामाला बोलावलं. मामा कुर्डुवाडीकडचे, पक्के वारकरी, आईपेक्षा लहान पण आई त्यांचंच ऐकते. ते आले, चहा घेतला आणि सरळ कूर्मदासावर गेले. त्यांच्या भागातलीच गोष्ट, लऊळला कूर्मदासाचं देऊळ आहे. पैठणचा हा भक्त, जन्मतः हातपाय नाहीत, पोटावर सरपटत पंढरपूरला निघाला. लऊळपर्यंत आला आणि कळलं की एकादशीला पोचणं होत नाही, म्हणून त्यानं जाणाऱ्या वारकऱ्यांच्या हाती देवाला निरोप धाडला, की मी येऊ शकत नाही, तूच ये. आणि देव निघाले, वाटेत अरणला सावता माळ्याकडे थांबून, लऊळला येऊन भेटले. मामा म्हणाले, "आक्का, देवानं त्याला पाय दिलं का? नाही दिलं. सोता आला. मग तू पायऱ्या उतरायचा हट्ट कशाला धरतीस?"

ही गोष्ट मी लहानपणी सप्ताहात किती वेळा ऐकली असेल. तेव्हा देव आला की टाळ वाजायचे आणि आम्हाला प्रसाद मिळायचा, गोष्ट संपली. ह्या वेळेला मात्र माझं लक्ष दुसरीकडेच. पैठणपासून पोटावर म्हणजे पोटाचं काय झालं असेल? रोज एवढे वारकरी शेजारून जात होते त्यातल्या कुणी त्याला उचलून बैलगाडीत का नाही टाकलं? आणि येऊन भेटायला जमलं तर हातपाय द्यायला काय हरकत होती? मी हे सगळं मामांना विचारलं, जरा चढ्या आवाजातच. मामा चिडले नाहीत. म्हणाले, त्यानं मागितलंच नव्हतं. म्हटलं मग मागायचं काय असतं? "ते तुझं तू बघ," म्हणाले आणि पान लावायला बसले.

मला वाटलं होतं आई कूर्मदासावर विरघळेल. ती म्हणाली, "तो विठोबा. ही देवी हाय." वाटणी म्हणजे वाटणी.

आणि मग जे झालं ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. लेकीच्या एएफओ लहान झाल्या होत्या म्हणून नवीन माप द्यायला गेलो. आई सोबत आली कारण प्लास्टर करताना लेक ताठ होते आणि आईच्या हातात असली की सैल सोडते. ऑर्थोटिस्ट, म्हणजे स्प्लिंट बनवणारा, ओली पट्टी गुंडाळत होता, पाऊल काटकोनात धरायचं असतं, गुडघा वाकवून ठेवायचा असतो, आई गुडघा धरून काहीतरी गुणगुणत होती. त्याचं लक्ष तिच्या बँडेजकडे गेलं. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला मग आजींचं माप पण घेऊ की आत्ताच. आई म्हणाली मी चप्पल घालत नाही. त्याला नवस वगैरे काही माहीत नव्हतं, त्यानं मान वर पण केली नाही, म्हणाला ही चप्पल नाहीच आजी, एमसीआर आहे, शुगरच्या पायासाठी वेगळं रबर असतं, खिळा नाही, मागे पट्टा, जसं हिचं स्प्लिंट तसं तुमचं.

आई म्हणाली, "दुकानात मिळती का?"

"नाही, चिठ्ठी लागते. पायाच्या मापानं करतो आम्ही."

"म्हंजी औषध."

"औषधच की."

आईनं पाय पुढं केला. त्यानं पांढऱ्या कागदावर तिचं पाऊल ठेवलं आणि पेन उभं धरून कडेनं फिरवलं, बँडेजचा भाग जरा मोठा ठेवला. प्लास्टर वाळायची वाट बघत बसलेली लेक ते बघत होती आणि म्हणाली, "आजी... गुदगुल्या?" आई म्हणाली कशाच्या गुदगुल्या, काही कळत नाही मला. बायको मात्र तोंडावर ओढणी धरून हसत होती, कितीतरी दिवसांनी.

आता नवस मोडला का? आईच्या हिशेबानं अजिबात नाही, चप्पल तिनं आजही घातलेली नाही. मामा म्हणाले पळवाट आहे. मला तसं वाटत नाही. मला आधी वाटायचं की श्रद्धा असलेल्या माणसाला शंका नसते, म्हणून माझ्यासारख्याची तिथं सोय नाही. आईकडे बघून ते डोक्यातून गेलं. तिला दगडाचा कौल पण खरा, एक्स-रे पण खरा, आणि दोन्ही सांभाळून पाय पण वाचवायचा. मला अजून ते जमत नाही. मी संध्याकाळी दिवा लावतो, काही मागत नाही, कधी कधी दिवा लावता लावता मनातल्या मनात कचकचून भांडतो. लेकीला ताप आला की मात्र सगळी तत्त्वं गुंडाळून देवीचं नाव तोंडात येतंच.

बाकी कटकटी चालूच आहेत. एमसीआर घरातपण घालायची म्हटल्यावर स्वयंपाकघराचा प्रश्न आला, तर घरातली जोडी वेगळी केली. देवघरापुढं खुर्ची ठेवलीय, आई तिथं बसून पाय सोडवते आणि बसूनच पूजा करते. जखम भरली, पण आता दर रात्री तळपाय आरशात बघायचा असतो, ते काम लेकीनं घेतलंय, आरसा ती धरते, हात थरथरतो त्यामुळे आईला निम्मा वेळ छतच दिसतं. निरामयचं रिन्युअल करायचंय, अशा लेकरांसाठीचा सरकारी योजनेतला एक लाखापर्यंतचा विमा आहे, थेरपीची बिलं त्यात काही प्रमाणात मिळतात, ज्यांनी काढला नसेल त्यांनी काढा. खुब्याचा एक्स-रे पुढच्या महिन्यात आहे, ऑपरेशन लागेल असं डॉक्टरांच्या बोलण्यातून वाटतंय, ते आईला ह्या वेळेला आधीच सांगून टाकलंय.

आणि ते झालं की तुळजापूरला जायचंय. पायऱ्यांवरून चेअर न्यायची नाही, मी आणि मेव्हणा आळीपाळीनं उचलून घेणार, ती आता चांगली वजनदार झालीय. आईला ओटी भरायची आहे. लेकीला ओटीबिटीशी काही घेणं नाही, तिला चिंतामणीवर हात ठेवायचेत. थेरपीला येणाऱ्या एका दादाची मोटरवाली व्हीलचेअर तिनं बघितलीय, बटण दाबलं की आपली आपण जाणारी, तेव्हापासून चालायचा विषय काढला की ती म्हणते मला चालायचं नाहीये, मला तशी पाहिजे. ती कधी मिळणार हे दगडाला विचारणार म्हणे. मी म्हटलं दगडाला कशाला, मला विचार, पैसे मला भरायचेत. तर म्हणाली, "तू... नेहमी... बघू म्हणतोस."